मुरमांची गोळी आणि दुधाळ ट्यूब

रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, आरपार दिसणारं पाणी येतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. गेल्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, एका एकोणीस वर्षांच्या पोराची ट्यूब काढली तर वरचा थर धुरकट पांढरा. पिशवीच्या दुधात पाणी घालावं तसा. मशीननं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, दाखवलं ४१२. ते १५०च्या आत असावं लागतं. पोरगा काडीसारखा. फॉर्मवर चालू औषधांच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं: 'पिंपलची गोळी'.

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आई पोराला घेऊन आली. आकड्याखालची जाड रेघ बघून म्हणाली, "काय ओ मॅडम, पुटकुळ्याची गोळी खातंय पोरगं, अन् रक्तात चरबी कशी काय ओ?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये रक्त काढता काढता मला बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. मी डॉक्टर नाही. गोळी चालू करा, बंद करा, हे मी सांगत नाही. पण गोळी तोंडातून आत गेल्यावर रिपोर्टवर काय उमटतं, ते मी रोज बघते. तेवढंच इथे सांगते.

मुरूम कुठून येतात ते आधी. कातडीत केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स वाढतात (बायकांच्या अंगातही ती असतातच, कमी प्रमाणात) आणि या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, मागे तेल साठतं, त्यात जिवाणू वाढतात आणि जागा लाल होऊन सुजते. मलम वरून काम करतं. फोड खोल, गाठीसारखे आणि डाग पाडणारे असतील तर डॉक्टर पोटातून गोळी देतात. त्यात तीन-चार जाती आहेत आणि लोक सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक आहे. चरबीशी आणि हार्मोनशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तोंड झाकून फिरायचं, कारण त्यानं कातडी लवकर भाजते. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

त्या पोराची गोळी होती आयसोट्रेटिनॉइन. हे व्हिटॅमिन ए-चं भावंड. अमेरिकेत १९८२ साली याला परवानगी मिळाली आणि गाठीच्या मुरमांवर एवढं जोरकस औषध आजही दुसरं नाही. ते तेलग्रंथीच आकसून टाकतं. पुरेशा डोसवर तेल ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. म्हणून तर ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, डोळे चरचरतात. ज्यांचे ओठ अजिबात फुटत नाहीत त्यांना मी गमतीनं विचारते, गोळी खरंच गिळताय ना?

पण गोळीला चेहऱ्याचा पत्ता माहीत नसतो. ती रक्तातून सगळीकडे जाते, आणि व्हिटॅमिन ए-चं कोठार म्हणजे लिव्हर, त्यामुळे तिथे तिचा परिणाम ठरलेलाच. चरबी कशी वाढते हे त्या माउलीला मी कांद्याच्या गाड्यांवरून सांगितलं. आपल्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढते तेव्हा काय होतं? गाड्यांवर गाड्या येतात, हमाल अपुरे पडतात, माल खाली होत नाही, आणि रस्त्यावर रांग लागते. कधी कधी लिलावच बंद ठेवावा लागतो. लिव्हरही अशाच चरबीनं भरलेल्या गाड्या रक्तात सोडत असतं. ट्रायग्लिसराइड म्हणजे त्यातला माल. स्नायूंपाशी आणि चरबीच्या पेशींपाशी एक एन्झाइम हमालासारखं उभं असतं, ते माल उतरवून घेतं. आयसोट्रेटिनॉइनमुळे लिव्हर एक प्रथिन जास्त बनवायला लागतं आणि ते प्रथिन या हमालाचा हात धरून ठेवतं. माल उतरेना, गाड्या रस्त्यावरच. तीच गर्दी मला ट्यूबमध्ये पांढरी दिसते.

"म्हणजे पोराच्या रक्तात कांद्याचा बाजार भरलाय," ती म्हणाली. भरला होता खरा, पण सगळा दोष गोळीचा नव्हता. थोडा माझाही होता.

सकाळी आठला तो आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, "उपाशी आहेस ना?" तो हो म्हणाला आणि मी सुई लावली. पुन्हा विचारल्यावर कळलं की आदल्या रात्री मंगळवेढ्याकडच्या शेतात हुरडा पार्टी होती. हुरडा, शेंगा चटणी, गूळ, दही, मग मटण, आणि जेवण संपलं रात्री एकला. आई बाहेर गाडीपाशी गेल्यावर हळूच म्हणाला, "दोन बियर पण झाल्या होत्या." त्याच्या दृष्टीनं सकाळचा चहा न पिणं म्हणजे उपाशी. ट्रायग्लिसराइडला ९ ते १२ तास पोट रिकामं लागतं, आणि आदल्या दिवशीची दारू तर आकडा हमखास वर नेते. जेवण किती वाजता झालं, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि एका घराची रात्रीची झोप उडवली. चार दिवसांनी, नीट बारा तासांच्या उपवासानंतर, पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला १८८. गोळीनं थोडा वाढला होता, पण डॉक्टरांनी डोस तोच ठेवला.

मूळ औषधाच्या माहितीपत्रकातले आकडे बघितले तर साधारण २५ टक्के रुग्णांत ट्रायग्लिसराइड ठळक वाढलं, १५ टक्क्यांत चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी झालं आणि ७ टक्क्यांत एकूण कोलेस्टेरॉल वाढलं. परिणाम डोसवर अवलंबून असतो. पुस्तकी डोस वजनाच्या दर किलोला रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० ते ६०. आपल्याकडे बरेच डॉक्टर २० मिलिग्रॅमवर सावकाश जातात. तेवढ्यावर मोठी गडबड कमी दिसते, मात्र कोर्स लांबतो. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत आकडे बहुतेक वेळा जागेवर येतात. ज्यांना आधीच शुगर आहे, वजन जास्त आहे किंवा घरात कोलेस्टेरॉलचा वारसा आहे, त्यांचा आकडा जास्त उडी मारतो. म्हणून पहिली गोळी घ्यायच्या आधी एकदा रक्त तपासायचं. निम्मे लोक हे टाळतात, आणि मग वाढलेला आकडा गोळीमुळे की आधीपासूनचा, ते कोणालाच सांगता येत नाही.

घाबरायचं कधी? ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे जायला लागलं की डॉक्टर डोस उतरवतात किंवा गोळी थांबवतात, कारण फार वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या, असं झालं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

आता त्या घरात पुढे काय झालं ते बघा, कारण ही गंमत अनेक घरांत होते. 'चरबी वाढली' ऐकून आईनं तेल बंद केलं. पोराला कडक भाकरी, बिनफोडणीचं वरण आणि वर गोळी. शेंगा चटणीचा डबा फळीवर सर्वांत वर. अडचण अशी की आयसोट्रेटिनॉइन तेलातुपात विरघळणारं औषध आहे. ते स्निग्ध जेवणाबरोबर नीट शोषलं जातं, रिकाम्या पोटी निम्म्याहूनही कमी. म्हणजे डॉक्टर ४० मिलिग्रॅम लिहिणार आणि अंगाला लागणार विसाच्याही आत. दोन महिन्यांनी 'गोळी लागू पडत नाही' म्हणून तक्रार. आपली तेल सुटलेली, उखळात कुटलेली शेंगा चटणी भाकरीबरोबर दोन चमचे असली तर गोळीला जेवढा आधार लागतो तेवढा मिळतो. ट्रायग्लिसराइड वाढवायला या दोन चमच्यांपेक्षा साखर, मैदा, गोड बाटल्या आणि दारू यांचा हात जास्त असतो. लिव्हर जास्तीच्या साखरेचीच चरबी करून गाड्या भरतं. कमी करायचंच असेल तर दिवसातले चार गोड चहा कमी करा.

लिव्हरच्या एसजीओटी, एसजीपीटी या तपासण्यांतही थोडी वाढ सुमारे १५ टक्के लोकांत दिसते, आणि बहुतेकदा चालू गोळीवरच ती परत खाली येते. मर्यादेच्या तिपटीपुढे गेली तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. पण इथेही एक फसवा प्रकार आहे. तालमीत जाणारा एक मुलगा, एसजीओटी ९६, एसजीपीटी मात्र जेमतेम वर. घरात काविळीची चर्चा सुरू. मी दंडाला पट्टा बांधताना बघितलं होतं, हात नुसता दगड. आदल्या दिवशी तीनशे बैठका मारून आला होता. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, आणि या गोळीवर असताना जोराच्या व्यायामानं स्नायूंचं सीपीके नावाचं एन्झाइम चांगलंच वाढतं. डॉक्टरांनी सीपीके करायला सांगितलं, ते दोन हजारांच्या घरात. आठवडाभर तालीम बंद ठेवली आणि दोन्ही आकडे उतरले. तेव्हा रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस जोर-बैठकांना सुट्टी द्या. पावडरीच्या डब्यातून किंवा इंजेक्शनमधून 'बॉडी' करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावं. मुरमांचं मूळच तिथे असू शकतं, आणि मग ही गोळी म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

हार्मोनचं काय? आयसोट्रेटिनॉइन स्वतः हार्मोन नाही. काही छोट्या अभ्यासांत पिट्युटरीची आणि थायरॉइडची काही हार्मोन्स किंचित खाली आलेली दिसली, तीही बहुतेक सामान्य मर्यादेत. काही मुलींची पाळी पुढे-मागे होते. पण या गोळीनं पुरुषी हार्मोन काबूत येत नाहीत, आणि नेमकं हेच एका मुलीच्या घरी कोणी समजावलं नव्हतं.

पूर्व भागातली मुलगी, बावीस वर्षांची, आई विड्या वळते. फोड हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं, ओठावर लव, पाळी दोन-तीन महिन्यांनी. आयसोट्रेटिनॉइनचा सात महिन्यांचा कोर्स घरानं पोटाला चिमटा काढून पुरा केला. चेहरा आरशासारखा झाला आणि आठ महिन्यांनी सगळं परत. तेलग्रंथी आकसल्या होत्या, पण त्यांना हुकूम देणारा जागचा हलला नव्हता. तिला पीसीओएस होता, म्हणजे बीजकोशाचा आणि हार्मोनचा बिघाड. यात बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. शिवाय लिव्हरमध्ये एसएचबीजी नावाचं एक प्रथिन बनतं, टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं. इन्सुलिन ते कमी करतं. आधीच जास्त असलेलं टेस्टोस्टेरॉन वर मोकाट सुटतं, आणि कातडीला त्रास या मोकाट हिश्श्याचा होतो.

अशा मुलींना डॉक्टर जी गोळी देतात तिचं पाकीट बघून आयांचे चेहरे पडतात, कारण ती गर्भनिरोधक गोळी असते. "लग्नाआधीच ही गोळी? पुढं पोरं होतील का नाही अक्का?" होतात. गोळी थांबली की बीजकोशाचं काम पुन्हा सुरू होतं. पीसीओएसमुळे दिवस राहायला वेळ लागू शकतो, पण तो गोळीचा दोष नाही. गोळीतलं इस्ट्रोजेन लिव्हरला एसएचबीजी वाढवायला सांगतं, म्हणजे मोकाट टेस्टोस्टेरॉनला पुन्हा दावं लागतं. दुसरा घटक सायप्रोटेरॉन किंवा ड्रोस्पिरेनॉन असेल तर तो कातडीवरचं टेस्टोस्टेरॉनचं कुलूपच अडवून बसतो. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. पहिल्या पाकिटावर नाराज होऊन सोडणाऱ्या फार.

या गर्भनिरोधक गोळीचाही लिव्हरमार्गे हिशोब आहेच. इस्ट्रोजेननं ट्रायग्लिसराइड वाढतं, त्यामुळे दोन्ही गोळ्या सोबत चालू असतील तर माझ्या ट्यूबकडे जास्त लक्ष लागतं. रक्ताच्या गुठळीची भीतीही खोटी नाही, पण तिचा आकार माहीत हवा. युरोपच्या औषध नियामकानं दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हा जुना घटक असलेल्या गर्भनिरोधक गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पिरेनॉनच्या गोळीवर ९ ते १२ जणींना; सायप्रोटेरॉनचा धोकाही साधारण तेवढाच. गरोदरपणातला धोका याहूनही जास्त असतो. डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, घरात कमी वयात गुठळ्या झाल्याचा इतिहास, सिगारेट, वाढलेलं बीपी, यांतलं काही असेल तर विचारायची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दाखवायचं.

स्पायरोनोलॅक्टोन ही मुळात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी. तीही टेस्टोस्टेरॉनला अडवते, म्हणून ५० ते १०० मिलिग्रॅममध्ये मोठ्या बायकांच्या मुरमांवर चालते. पाळी विस्कटू शकते. पोटॅशियम वाढण्याची भीती निरोगी तरुण मुलींत थोडी, पण किडनीचा आजार किंवा बीपीच्या काही गोळ्या सोबत असतील तर रोज शहाळं पिऊन 'थंडावा' घ्यायच्या आधी विचारा, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मुरमांसाठी पुरुषांना ही देत नाहीत, छाती वाढते. मेटफॉर्मिन इन्सुलिनची बाजू सांभाळतं. ते मुरमांचं थेट औषध नाही, सुरुवातीला पोट बिघडवतं, आणि वर्षानुवर्षं चाललं तर बी-१२ तपासावं लागतं.

माझ्या टेबलावर हार्मोनचे रिपोर्ट चुकतात ते दोन कारणांनी. एक म्हणजे वेळ. या तपासण्या शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी कराव्यात. गर्भनिरोधक गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासणं म्हणजे गोळीचाच रिपोर्ट काढणं. दुसरं कारण केसांच्या गोळ्या. मुरमांच्या मुलींचे केसही गळत असतात, मग कोणीतरी बायोटिन सुचवतं. बऱ्याच मशिनींची रसायनं बायोटिनवरच चालतात, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटा कमी येतो, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येऊ शकतं. एका मुलीला थायरॉइडचा आजार नसताना तो जवळजवळ चिकटलाच होता. निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि सुई लावणारीला सांगा.

आता सर्वांत जड गोष्ट. लग्न ठरलं की चेहऱ्याची घाई होते. तारीख तीन महिन्यांवर, आणि मुलगी आयसोट्रेटिनॉइन चालू करते. या गोळीवर दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत, चेहऱ्यात गंभीर व्यंग होऊ शकतं, अगदी थोडे दिवस घेतली तरी. म्हणून सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी, चालू असताना पक्कं गर्भनिरोधन, आणि शेवटच्या गोळीनंतर पुरा एक महिना वाट. हे सासूसमोर कोणी बोलत नाही, म्हणून मी मुलीला पडद्यामागे घेऊन शेवटच्या गोळीची तारीख विचारते. बहिणीच्या उरलेल्या गोळ्या खाणं हा गुन्हाच समजा. गोळी चालू असताना आणि त्या एका महिन्यात रक्तदानही नाही, मुलांनीसुद्धा नाही. जयंतीच्या शिबिरात रांगेत उभे राहाल आणि तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला चढेल. सोबत व्हिटॅमिन ए-च्या किंवा माशाच्या लिव्हर तेलाच्या गोळ्याही नकोत, आणि डॉक्सीसायक्लिन तर मुळीच नको, दोन्ही एकत्र आल्यास डोक्यातला दाब वाढू शकतो. मन फार उदास झालं तर तेही सांगायचं.

हुरड्याच्या त्या प्रकारानंतर मी फॉर्मवर पेननं दोन ओळी वाढवल्या: 'शेवटचं जेवण किती वाजता आणि काय?' आणि 'मुरमांची गोळी असेल तर पाकीट दाखवा.' मालक हसले, पण पुढच्या छपाईत त्या ओळी आल्या. तो पोरगा मार्चमध्ये पुन्हा आला. ट्यूब स्वच्छ पिवळी, आकडा १६१, ओठांवर व्हॅसलीनचा थर. पहिल्या ओळीपुढे त्यानं लिहिलं होतं: 'रात्री ८, भाकरी, वांगं, शेंगा चटणी (आईनं डबा खाली काढला).'